वारा कुठून आला?

सकाळी साडेआठ. रत्नागिरीपासून नागपूरपर्यंतच्या वेधशाळांत आत्ता सकाळची निरीक्षणं घेतली जात असतील. जागतिक वेळेनुसार मात्र पहाटेचे तीनच वाजलेत. माझ्या फाइलींमधली घड्याळं याच जागतिक वेळेवर चालतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले, की दुपारी अडीचचा वारा सकाळी नऊचा म्हणून वाचला जातो. म्हणून दिवसाचं पहिलं काम ठरलेलं आहे: वेळेचा रकाना तपासणं.

पावणेदहा. कॉर्डेक्स या प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या उपक्रमातल्या दक्षिण आशियाई प्रयोगांची जानेवारीची आकडेवारी उघडली. मॉडेल वाऱ्याची दिशा सरळ सांगत नाही, दोन घटक देतं: एक पूर्वेकडे जाणारा, एक उत्तरेकडे जाणारा. दोन्ही धन असले तर वारा ईशान्येकडे चाललाय, म्हणजे नैर्ऋत्येकडून आलाय. आपल्या भाषेत ही रीत मुरलेलीच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणताना ते कुठून येतात हेच आपण सांगतो. तरी गणितात १८० अंश मिळवायचे राहतात आणि अख्खा मोसम उलटा वाहू लागतो.

अकरा वाजता माझी विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, कोकण किनाऱ्यावर जानेवारीत वारा दक्षिणेकडून येतोय."

"सरासरी कशाची काढलीस?"

"अंशांची."

तिच्या वहीत मी दोनच आकडे लिहिले. पहाटेचा मतलई वारा ६० अंशांवरून, दुपारचा खारा वारा ३०० अंशांवरून. बेरीज ३६०, निम्मे १८०: दक्षिण. जो वारा वाहिलाच नाही, तो नकाशावर आला. मग घटकांची सरासरी काढायला सांगितली. दोन्ही वेळा वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर उत्तर येतं उत्तरेकडून २ मीटर. ती खूश झाली. पण हा वारा तरी कुणाच्या अंगाला लागला? पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे गेला, दुपारी समुद्रावरून आत आला. पूर्व-पश्चिम भाग एकमेकांत विरला आणि उरला तो निव्वळ हिशेबातला वारा. सूत्र बरोबर असूनही किनाऱ्यावरच्या माणसाला ही दिशा सांगणं मला खोटं सांगण्यासारखं वाटतं. आम्ही दैनिक सरासरीची फाइल बाजूला ठेवली, तीन-तीन तासांची घेतली आणि पहाट-दुपारचे वातगुलाब, म्हणजे कुठल्या दिशेकडून किती वेळा वारा आला ते पाकळ्यांनी दाखवणारे आलेख, वेगळे काढायचं ठरवलं. तिची सकाळ यातच गेली, पण ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

दीड वाजता डबा.

दोन वाजता जाळीचा, म्हणजे मॉडेल प्रदेश ज्या चौकटींत विभागतं त्यांचा प्रश्न. यातल्या काही मॉडेलांची जाळी फिरवलेल्या ध्रुवावर बेतलेली असते, म्हणजे चौकटीची 'उत्तर' ही खरी उत्तर नसते. महाराष्ट्रावर हा फरक जेमतेम तीन अंशांचा, सहज नजरेतून सुटणारा. युरोपच्या अशाच जाळीत लिस्बनजवळ तो वीस अंशांच्या आसपास जातो. फाइलीतले घटक आधीच खऱ्या उत्तरेकडे वळवलेले आहेत की नाहीत, हे चलाच्या नावावरून कळायला हवं, पण निव्वळ नावावर माझा विश्वास नाही. वळवलेल्यांना पुन्हा वळवणं हीसुद्धा चूकच. जाळीच्या कडेचा, जिथे कोन मोठा असतो असा एखादा ठिपका घेऊन मी तो निरीक्षणांशी ताडून पाहते.

साडेचारला साताऱ्याहून पवनऊर्जेतल्या एका अभियंत्याचा फोन आला. चाळकेवाडीच्या पठारावर पुढच्या वीस वर्षांत वाऱ्याची दिशा बदलेल का? प्रश्न अगदी रास्त आहे. पवनचक्क्यांच्या रांगा मुख्य वाऱ्याला आडव्या लावतात. दिशा सरकली तर पुढच्या चक्कीच्या सावलीत मागची येते आणि वीज घटते.

नकाशावर बोट ठेवून मी त्यांना जे दिसत होतं ते सांगितलं. जाळीची एक चौकट ०.४४ अंशांची, सुमारे ५० किलोमीटरची. तेवढ्यात कोकणाचा तुकडा, घाटमाथा आणि पठार सगळं एकत्र कालवलं जातं. मॉडेलच्या सह्याद्रीला कडा नाही, नुसता उतार आहे. दीड किलोमीटर उंचीवरच्या पावसाळी पश्चिमी झोताची दिशा मी विश्वासाने सांगू शकते, कारण तो झोत शेकडो किलोमीटर रुंद असतो. तुमच्या चक्कीच्या पात्याशी दरीतून वळून येणारा वारा या चौकटीत नाही. त्यासाठी पठारावरच्या मनोऱ्याची मोजमापं आधी हवीत. मॉडेलमधून बदल तेवढा घ्यायचा, तोही अनेक मॉडेल एकाच बाजूला झुकत असतील तर.

"म्हणजे आकडा नाही?"

"एक आकडा नाही. मोसम, तास आणि उंची सांगा, त्या प्रत्येकासाठी वेगळा देईन. आणि त्याच्यापुढे किती अंश इकडेतिकडे, तेही लिहीन."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग मनोऱ्याच्या नोंदी पाठवतो म्हणाले.

सव्वासहा. विद्यार्थिनीचे वातगुलाब तयार आहेत. पहाटेच्या पाकळ्या ईशान्येला, दुपारच्या वायव्येला. दोन्हींत दक्षिण रिकामी. खाली तिने न सांगता भारतीय वेळ लिहिली आहे.