गळा नाही, की पट्टी चुकली?

गणेशोत्सवात पाच-पाच आरत्या खड्या आवाजात म्हणणारा माणूस सोसायटीच्या कार्यक्रमात माइक पुढे आला की हात जोडतो. ‘छे हो, आपल्याला कुठला गळा!’ आवाज तोच, माणसंही तीच. मग संकोच येतो कुठून?

गळाच नसतो, हा सगळ्यात पक्का गैरसमज. सुरांमधला फरकच कळू न देणारा जन्मजात दोष असतो खरा, पण त्याचं प्रमाण शेकडा दीड ते चार इतकंच मानलं जातं. सिमोने दाला बेला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, एका सार्वजनिक बागेत, त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठलं. ‘आज माझा वाढदिवस आहे, शंभर जणांकडून गाणं म्हणवून घेईन अशी मी पैज लावलीय,’ अशी बतावणी केली आणि तिथलं सर्वांच्या ओळखीचं गाणं गायला लावलं. लोक गायले, आणि तालात गायले. सूर थोडे हलत होते. पण व्यावसायिक गायकांपेक्षा ही मंडळी गाणं घाईने उरकत होती, हेही दिसलं. काहींना पुन्हा बोलावून सावकाश गायला लावलं, तेव्हा बहुतेकांचे सूर जागेवर आले.

‘माझा बेसूर सगळ्यांना ऐकू जाईल’ ही भीतीही अशीच फुगलेली. घोळक्यात प्रत्येकाचा सूर शेजाऱ्याच्या सुरात मिसळतो. मुरलेल्या गायकवृंदातही सगळे आवाज तंतोतंत एका सुरावर नसतातच.

खरी अडचण बरेचदा पट्टीची असते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बायका साधारणपणे पेटीवरच्या काळी चार-काळी पाचच्या आसपास मोकळ्या गातात, पुरुष काळी एक-पांढरी दोनच्या. कराओकेचा ट्रॅक मात्र मूळ गायकाच्या पट्टीत वाजतो. अंतऱ्यात आवाज चिरकला की दोष गळ्यावर. आरतीत कोणीतरी सुरुवात करतो, बाकीचे आपापल्या सोयीने वरच्या-खालच्या सप्तकात शिरतात, आणि ऐकायला वेगळं कोणी उरलेलंच नसतं. वारकरी भजनात तर भजनी मालिका ठरलेली, एकाने चाल म्हणायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची. पुढचे शब्द आठवतील का, ही धास्तीच नाही.

आधी ओळख व्हावी, मग गाता येईल, असंही अनेकांना वाटतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेले निष्कर्ष नेमके उलटे आहेत. प्रौढांचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे नवे वर्ग सात महिने पाहिले, तर शेवटी जवळीक सगळीकडे सारखीच होती, पण गाण्याच्या वर्गात ती फार लवकर जमली. नव्या सोसायटीत पहिल्याच महिन्यात भजन किंवा गाण्यांची संध्याकाळ ठेवावी, ती याचसाठी.

हा संकोच रुजतो कधी? कॅनडातल्याच न्यूफाउंडलंडमध्ये संशोधक सुझन नाइट यांनी ‘आम्ही गात नाही’ म्हणणाऱ्या प्रौढांशी बोलून पाहिलं. धागा लहानपणी कोणीतरी, अनेकदा शिक्षकांनी, मारलेल्या शेऱ्यापाशी जात होता. आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात ‘तू नुसते ओठ हलव’ हे ऐकलेली मुलं थोडी नाहीत. त्या मुलाला खालची पट्टी आणि जरा संथ लय देऊन बघायला शिक्षकांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.