कानाला सोसेल असा दागिना

लग्नसराईनंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते. कानाची पाळी लाल झाली आहे, खाजते आहे, पाणी सुटते आहे. घरात निदान केव्हाच झालेले असते, ‘हिला खोटं सोसत नाही.’ निदान बरेचसे बरोबर आहे. पण न सोसणाऱ्या त्या वस्तूचे नाव बहुतेक वेळा निकेल असते.

निकेल स्वस्त आणि चकचकीत. इमिटेशन दागिन्यांत मुलाम्याखाली त्याचा थर अनेकदा असतो. मुलामा घासला गेला की घामात निकेल विरघळते, त्वचेत शिरते आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्याची शत्रू म्हणून नोंद करते. ही नोंद सहसा जन्मभर पुसली जात नाही. शिवाय त्रास लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटतो. रविवारी घातलेल्या झुमक्यांची खाज मंगळवारी सुरू होते आणि दोष जातो नव्या साबणाला, नाहीतर बिचाऱ्या आमरसाला!

ही नोंद होण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे कान टोचणे. ताजी जखम आणि तिच्यात अष्टौप्रहर बसलेला धातू. ‘कान सोनारानेच टोचावे’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण शब्दशः घेतली तरी शहाणपणाचीच आहे, कारण सोनार सोन्याची बारीक तार घालतो. जखम पूर्ण बरी होईपर्यंत मुलीच्या कानात जत्रेतले टॉप्स घालू नयेत. काटकसर बांगड्यांत करावी.

मग घ्यावे काय? २२ कॅरेट सोने उत्तम. त्यात ९१.६ टक्के सोने आणि उरलेले मुख्यतः तांबे व चांदी असते. मात्र हॉलमार्क सोन्याचे प्रमाण सांगतो, मिसळलेल्या धातूचे नाव नाही. पांढऱ्या सोन्यात पिवळेपणा घालवण्यासाठी निकेल वापरलेले असू शकते. तिथे पॅलेडियमचे मिश्रण आहे का, हे विचारून घ्यावे. ९२५ शिक्क्याची चांदी बहुतेकांना चालते. जर्मन सिल्व्हरमध्ये मात्र चांदी नावालाच. ते असते तांबे, जस्त आणि निकेल. टायटॅनियम निर्धोक. शस्त्रक्रियेच्या दर्जाच्या पोलादात निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले राहते, फार थोडे सुटते. दागिन्यात निकेल किती, यापेक्षा त्यातून सुटते किती, हे महत्त्वाचे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये केलेला नियम याच तत्त्वावर आहे: अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये.

घरी तपासायचे तर डायमिथिलग्लायॉक्झिम नावाचे रसायन मिळते. ते आणि अमोनिया कापसाच्या बोळ्यावर घेऊन दागिन्यावर घासायचे. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे. फिरकी आणि दांडी वेगळी तपासावी. वरचा खडा कितीही खरा असला तरी कानात जाते ती दांडी.

प्रवासात चोरीच्या भीतीने घातलेली ‘वन ग्रॅम’ पोत मानेवर मागे, हुकापाशी आधी झिजते आणि चट्टाही तिथेच उठतो. आतून पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय एखाद्या समारंभापुरता ठीक. बेंबीजवळ सतत पुरळ येत असेल तर जीन्सचे बटण पाहावे. आणि खऱ्या सोन्याच्या अंगठीखालीही खाज येत असेल, तर सोनाराशी भांडण्याआधी भांडी घासताना अंगठी काढून पाहावी. खाली अडकलेला साबणाचा फेसही तेवढाच त्रास देतो. तरीही चट्टा हटला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पाठीवर पट्ट्या लावून होणारी पॅच टेस्ट करून घ्यावी.