रिमोटची गाडी घेताय? खोक्यावरचा स्पीड बघून भुलू नका, आधी ‘या’ गोष्टी तपासा!

इन्स्टाग्रामवर एखादी रील समोर येते. फूटभर लांबीची गाडी रस्त्यावरून सुसाट सुटते, वळणावर मागचा भाग सरकवते, उंचवट्यावरून उडी मारते आणि पुन्हा चार चाकांवर उतरते. रील संपेपर्यंत बोट ऑनलाइन शॉपिंगच्या ॲपवर गेलेलं असतं!

पुढची गोष्ट बहुतेक घरांमध्ये सारखीच असते. गाडी येते, दोन रविवार जोरात चालते, तिसऱ्या रविवारी फुटपाथच्या कडेला आपटते आणि पुढचं चाक वाकडं होतं. दुरुस्त करायला कोणी घेत नाही, सुटा भाग कुठे मिळत नाही. मग गाडीची रवानगी थेट माळ्यावर!

यात चूक चालवणाऱ्याची नसते. रिमोटची गाडी आपटणारच, ती चालवायची गंमतच त्यात आहे. चूक असते ती निवडीत. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बघून गाडी घेतली जाते आणि मोडल्यावर ती दुरुस्त होईल का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पहिल्यांदाच रिमोट कंट्रोल, म्हणजे ‘आरसी’ गाडी घ्यायची असेल, तीही गल्लीत, सोसायटीत किंवा मोकळ्या रस्त्यावर मजेसाठी चालवायला, तर नेमकं काय बघायचं? चला, जाणून घेऊया.

खेळणं वेगळं, हॉबी गाडी वेगळी

बाजारात दिसणाऱ्या रिमोटच्या गाड्या दोन जातींच्या असतात. पहिली ‘टॉय ग्रेड’, म्हणजे निव्वळ खेळणं. दुसरी ‘हॉबी ग्रेड’.

हजार-दोन हजार रुपयांच्या खेळण्यातल्या गाडीत सगळं एकाच सर्किट बोर्डवर बसवलेलं असतं. बोर्ड गेला की गाडी गेली. बटण दाबलं की ती पूर्ण वेगात पळते, सोडलं की थांबते. स्टिअरिंगही तसंच. एकदम डावीकडे, नाहीतर एकदम उजवीकडे. मधलं काही नाही.

हॉबी ग्रेड गाडीत मोटर, वेग सांभाळणारा ईएससी, चाकं वळवणारा सर्वो, सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि बॅटरी हे भाग सहसा वेगवेगळे असतात. जो बिघडला तो काढायचा आणि नवा लावायचा. काही स्वस्त मॉडेल्समध्ये ईएससी आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर असतात. तिथे एक बिघडला की दोन्ही बदलावे लागतात, पण बाकीची गाडी वाचते.

चालवण्यातला फरक तर पहिल्याच मिनिटाला कळतो. हॉबी गाडीचा ट्रिगर थोडा दाबला तर गाडी हळू चालते, जास्त दाबला तर वेगात. रिमोटवरचं छोटं चाक जितकं फिरवाल, तितकीच गाडीची चाकं वळतात. यालाच ‘प्रपोर्शनल कंट्रोल’ म्हणतात. खरेदी करताना माहितीत हे दोन शब्द वेग आणि स्टिअरिंग दोन्हींसाठी लिहिले आहेत का, ते बघा.

गाडी सुटी करून पुन्हा जोडता येणं हाच या छंदाचा पाया आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या ‘तामिया’ कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली आरसी गाडी आणली, पोर्शे ९३४ चं १:१२ आकाराचं मॉडेल. ती मिळायची ती किटच्या रूपात. भाग जोडायचे, गाडी उभी करायची आणि मग चालवायची. आजही अशी किट मिळतात. मात्र नवख्या माणसाने ‘आरटीआर’, म्हणजे ‘रेडी टू रन’ गाडी घेतलेली बरी. किटमध्ये रिमोट, सर्वो, बॅटरी, चार्जर यांतलं बरंच काही वेगळं विकत घ्यावं लागतं आणि बजेट कधी हाताबाहेर गेलं ते कळतही नाही.

पाच पार्टची परीक्षा

गाडी आवडली? मग ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी पाच मिनिटं द्या. त्याच मॉडेलचं नाव टाकून हे पाच भाग भारतात मिळतात का, ते शोधा:

१. पुढच्या चाकाचा सस्पेन्शन आर्म. आपटल्यावर बहुतेक वेळा पहिला हाच तुटतो.
२. स्टिअरिंगचा सर्वो.
३. डिफरन्शियल आणि मोटरचे गिअर.
४. चाकाला ताकद पोहोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट.
५. जादा बॅटरी.

पाचही मिळाले तर उत्तम. दोन-तीन मिळतच नसतील तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. गाडीचं खरं आयुष्य तिच्या प्लॅस्टिकच्या मजबुतीवर कमी आणि शे-दोनशे रुपयांचा तुटलेला तुकडा किती लवकर मिळतो यावर जास्त ठरतं.

कनेक्टर, वायर, सोल्डरिंगचं सामान यांची चिंता नको. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली यासाठीच प्रसिद्ध आहेत. पण गाडीचे प्लॅस्टिकचे भाग त्या-त्या मॉडेलचेच लागतात, ते तिथे मिळतीलच असं नाही.

१:१० म्हणजे काय? आणि आपल्या रस्त्याला कोणता आकार?

१:१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकार. १:१४, १:१६, १:१८, १:२४ असं जसजसं पुढे जाल, तसतशी गाडी लहान होत जाते.

हे गणित रस्त्याला लावून बघा. रस्त्यावर एक सेंटीमीटरची खडी पडली आहे. १:१० गाडीसाठी ती दहा सेंटीमीटरच्या दगडासारखी. १:२४ गाडीसाठी तीच खडी चोवीस सेंटीमीटरचा धोंडा! म्हणूनच लहान गाड्या घरातल्या फरशीवर झकास पळतात आणि गल्लीत उतरल्या की अडखळतात.

दुसरा मुद्दा जमिनीपासूनच्या उंचीचा. स्पोर्ट्स कारसारख्या दिसणाऱ्या ‘टूरिंग’ गाड्यांचं पोट जमिनीपासून जेमतेम काही मिलिमीटर वर असतं. गुळगुळीत डांबरावर त्या अप्रतिम चालतात. पण सोसायटीतले पेव्हर ब्लॉक, त्यांच्यातल्या फटी, गटाराची झाकणं आणि स्पीड ब्रेकर यांच्यावर त्या खरवडतात किंवा अडकतात.

म्हणून आपल्याकडच्या रस्त्यांसाठी बग्गी, ट्रगी किंवा ट्रक प्रकारची, १:१४ ते १:१० आकाराची गाडी जास्त सोयीची. दिसायला ती मातीतली असली, तरी रस्त्यावर छान पळते आणि खड्डा आला तर सस्पेन्शन तो झेलतं. ड्रिफ्टच्या गाड्यांना कडक, गुळगुळीत टायर असतात. त्यांना सपाट फरशीच हवी.

नवख्यांसाठी फोर व्हील ड्राइव्ह सोपी, कारण वेग दिल्यावर गाडी सहसा गरकन फिरत नाही. टू व्हील ड्राइव्हमध्ये भाग कमी, त्यामुळे देखभाल कमी. पण वाळू पसरलेल्या रस्त्यावर हात सांभाळून चालवावी लागते.

ताशी ६० किलोमीटर? थोडं गणित करा

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे वळूया. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. सोसायटीतला ६० मीटरचा सरळ रस्ता साडेपाच सेकंदांत संपतो. पन्नास मीटरवर गेलेली फूटभर गाडी डोळ्यांना दिसते ती हात लांब करून धरलेल्या मसुरीच्या दाण्याएवढी. ती कुठे वळते आहे तेच कळत नाही.

आणि आपटली तर? दोन किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने धावत असेल तर तिच्यातली ऊर्जा साधारण १२० ज्यूल भरते. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूतही जवळपास तेवढीच ऊर्जा असते. तो चेंडू एखाद्या लहान मुलाच्या नडगीवर बसला तर काय होईल, याची कल्पना करा. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, हेही विसरू नका.

थोडक्यात, पहिल्या गाडीला ताशी २५ ते ३० किलोमीटर खूप झाले. यासाठी ‘ब्रश्ड’ मोटर पुरेशी असते. ती स्वस्त असते, जोडायला सोपी असते आणि खराब झाली तर सहज बदलता येते. ‘ब्रशलेस’ मोटर जास्त टिकते, जास्त ताकद देते, पण वेगही असा देते की शिकण्याआधीच गाडी मोडते. वेगवान गाडी घेतलीच, तर तिचा वेग मर्यादित करता येतो का ते बघा. उदाहरणार्थ, ट्रॅक्सस कंपनीच्या ‘एक्सएल-५’ या ईएससीमध्ये ताकद निम्म्यावर आणणारा ट्रेनिंग मोड असतो.

बॅटरी: खरी मजा आणि खरा धोकाही इथेच

बॅटरीवर ‘१५०० एमएएच’ लिहिलेलं असतं. गाडी सरासरी ९ अँपिअर करंट घेत असेल तर ती दहा मिनिटं चालणार. बस्स! आणि सोबत आलेल्या यूएसबी चार्जरने पुन्हा भरायला बऱ्याचदा दोन-तीन तास लागतात. म्हणून एक जादा बॅटरी गाडीसोबतच मागवा.

बॅटरीचे मुख्य प्रकार दोन. निकेल मेटल हायड्राइड जड असते, पण थोडी हयगय सहन करते. लिथियम पॉलिमर, म्हणजे ‘लायपो’, हलकी आणि दमदार. पण तिचे लाड सांभाळावे लागतात. तिचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. नियम मोडला तर ती फुगते आणि वाईट वेळी पेटही घेते. लायपोसाठी एवढं पाळा:

- दोन किंवा जास्त सेलची बॅटरी असेल तर बॅलन्स चार्जरच वापरा.
- रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. गादीवर, सोफ्यावर चार्ज करू नका.
- गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा.
- फुगलेली बॅटरी ‘अजून एकदा’ म्हणून वापरू नका. ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

भारतात या गाड्या इतक्या महाग का?

परदेशी व्हिडिओमध्ये सांगितलेली किंमत आणि इथली किंमत यांत मोठी तफावत दिसते. त्याचं एक मोठं कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. त्यामुळे सुरुवातीची बरी हॉबी गाडी आठ-दहा हजारांच्या आसपास सुरू होते आणि नावाजलेल्या कंपन्यांची त्याच्या कितीतरी पुढे जाते.

गाडी लहान मुलासाठी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. बऱ्याच हॉबी गाड्यांच्या खोक्यावर मात्र ‘१४+’ लिहिलेलं असतं. ते शोभेसाठी नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला अशी गाडी एकट्याने चालवायला देऊ नये.

कुठे चालवायची, कशी चालवायची?

रहदारीचा रस्ता नकोच. दुचाकीस्वाराच्या चाकासमोर अचानक गाडी आली तर तो ब्रेक दाबेल आणि घसरेल. पण सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. गाडी रस्त्यावर गेली की मूल तिच्यामागे धावतं, डावी-उजवीकडे न बघता. म्हणून गेट बंद असलेलं पार्किंग किंवा परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान, अशाच जागा निवडा. गल्लीतली कुत्री गाडीमागे लागतात, तेव्हा सरळ थांबवून उचलून घ्या.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडी सिग्नलविना बेभान पळू शकते.

गाडी आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. पहिले अपघात याच गोंधळात होतात. उपाय सोपा आहे. दोन चपला दहा-बारा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी फिरवा. दोन बॅटऱ्या संपेपर्यंत हात बसू लागतो.

पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक्स वाचलं तरी बेअरिंग आणि स्क्रू गंजतात. गाडी भिजलीच तर पुसून, वाळवून ठेवा.

मग नेमकी कोणती घ्यायची?

१:१४ ते १:१० आकार, बग्गी किंवा ट्रक, ब्रश्ड मोटर, दोन्हींना प्रपोर्शनल कंट्रोल, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट (म्हणजे मित्राच्या गाडीशी सिग्नलची गल्लत होत नाही) आणि पाच पार्टच्या परीक्षेत पास. या वर्णनात बसणारी कुठलीही गाडी पहिली म्हणून चालेल.

बजेट दहा हजार असेल तर दहाची गाडी घेऊ नका. आठची घ्या आणि उरलेल्या दोन हजारांत जादा बॅटरी, दोन सस्पेन्शन आर्म आणि एक चांगला स्क्रूड्रायव्हर सेट घ्या. बजेट दोन हजारच असेल तर खेळण्यातली गाडी खुशाल घ्या. फक्त ती किती दिवस टिकेल याचा अंदाज आधीच बांधून ठेवा.

आणि पहिल्यांदा आर्म तुटला की नाराज होऊ नका. घरच्या टेबलावर चार स्क्रू काढून तो स्वतः बदला. माळ्यावर जाणारी गाडी आणि वर्षानुवर्षं चालणारी गाडी यांच्यात फरक असतो तो त्या चार स्क्रूंचा.