अनेक गुणांची एकच पैसेवारी

एकाच वाणात सर्व गुण क्वचितच नांदतात, हे शेतकरी बंधूंस अनुभवाने विदित आहेच. वऱ्हाड-नागपुराकडे पूर्वी रोझियम कापूस पुष्कळ पेरीत. त्याच्या रुईचा उतारा भरपूर, परंतु धागा आखूड व जाडाभरडा. व्हेरमचा धागा लांब, पण उतारा कमी. मग निवड कशी करावी?

प्रतापनगरास येऊन राहण्यापूर्वी आमचे आयुष्य महसुली कचेरीत पैसेवारीचे तक्ते लिहिण्यात गेले. ज्वारी असो वा कापूस, पीक रुपयात किती पैसे, या एकाच मापाने तेथे पाहतात. संख्याशास्त्रातील 'इष्टता'ही अशीच. ही कल्पना हॅरिंग्टन यांनी १९६५ साली मांडली व डेरिंजर आणि सुईच यांनी १९८० साली सुधारली. त्यांनी दिलेले उदाहरण टायरच्या रबराचे होते.

रीत अशी. जेथे माल नकोच तेथे शून्य, जेथे पूर्ण समाधान तेथे एक. उत्पन्न जितके अधिक तितके बरे, खर्च जितका कमी तितका बरा. मायक्रोनेअर मात्र बेताचाच हवा. नंतर सर्व अंकांचा गुणाकार करून, दोन गुण असल्यास वर्गमूळ, तीन असल्यास घनमूळ काढावे.

उदाहरणादाखल समजा, एकरी ४ क्विंटलास शून्य व १० क्विंटलास एक. धाग्याच्या २४ मिलिमीटरास शून्य व ३० मिलिमीटरास एक. पहिला वाण १० क्विंटल व २४.६ मिलिमीटर देतो. त्याचे अंक १ आणि ०.१. दुसरा ७ क्विंटल व २७ मिलिमीटर देतो. त्याचे अंक ०.५ आणि ०.५. साधी सरासरी घेतली तर पहिला ०.५५ ने सरस दिसतो. परंतु गुणाकाराच्या वर्गमुळाने त्यास सुमारे ०.३२ व दुसऱ्यास ०.५ मिळतात. एका गुणाचे दारिद्र्य दुसऱ्याच्या श्रीमंतीने झाकले जात नाही, हेच या रीतीचे मर्म होय. एक गुण शून्य, तर सारेच शून्य.

मिनिटॅबसारखी आज्ञावली याच रीतीने प्रयोगाच्या आकड्यांवरून खत, अंतर व पाणी यांचे सर्वांत इष्ट प्रमाण शोधते. मात्र शून्य कोठे व एक कोठे, हे यंत्र ठरवीत नाही. ते आपणच सांगावयाचे. मर्यादा चुकली की उत्तरही चुकते. हमीभाव धाग्याच्या लांबीप्रमाणे वेगळा असतो, हे स्मरून बियाणे घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मर्यादा वहीत लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.