नावात मंचूरिया, ताटात मीठ

धाराशिव शहरात, तुळजापुरात किंवा महामार्गावरच्या येरमळा, नळदुर्ग, उमरगा या गावांत एखाद्या एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसले, की मेन्यू कार्डात पंजाबी भाज्यांच्या मागोमाग चायनीजचे पान हमखास येते. मंद दिवे, छताला टांगलेले लाल कंदील, भिंतीवर एखादा ड्रॅगन. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो की घरातल्या मुलाचा पहिला पगार, मुलांची पहिली ऑर्डर ठरलेली असते. व्हेज मंचूरियन, हक्का नूडल्स, शेजवान राईस. ज्यांना हॉटेल परवडत नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यावर गाडी आहेच.

अशा वेळी घरातले कुणीतरी जाणते माणूस वेटरला विचारते, “अजिनोमोटो तर घालत नाही ना?” वेटर मान हलवतो, सगळे निश्चिंत होतात आणि ताटावर तुटून पडतात. खाण्याआधी चौकशी करण्याची ही सवय चांगलीच आहे. फक्त विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

मंचूरियन नेमके कुणाचे?

चीनमध्ये सरकारी नोंदीनुसार ५६ वांशिक समुदाय आहेत. त्यांत हान बहुसंख्य असून उरलेले ५५ अल्पसंख्य मानले जातात. मांचू हे या ५५ पैकी एक. त्यांची लोकसंख्या सुमारे एक कोटी आणि मूळ प्रदेश चीनचा ईशान्य भाग, म्हणजेच जुना मांचुरिया. १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य करणारे छिंग घराणे याच समाजाचे. पण आपल्याकडचे मंचूरियन या लोकांनी कधी केले नाही. ते जन्मले मुंबईत. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे शेफ नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये ते पहिल्यांदा केले. आले, लसूण आणि हिरवी मिरची हा आपला पाया त्यांनी तसाच ठेवला, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाट केला. चिकनच्या जागी पुढे फ्लॉवर आणि कोबी आले आणि हा पदार्थ गावोगावच्या गाड्यांवर पोहोचला.

हक्का हे नाव दक्षिण चीनमधल्या एका समाजाचे. तो हानांमध्येच गणला जातो. या समाजातली पुष्कळ कुटुंबे कोलकात्यात येऊन स्थायिक झाली, तिथल्या टांग्रा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने चालवले आणि पुढे हॉटेले काढली. शेजवान हे सिचुआन या प्रांताचे आपल्याकडे रुळलेले रूप. तिन्ही नावे खरी, पण पदार्थ अस्सल भारतीय. त्यात कमीपणा काहीच नाही. बटाटा, मिरची आणि टोमॅटोही आपल्याकडे बाहेरूनच आले. मात्र नावावरून हा पदार्थ कसा आहे ते कळत नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

अजिनोमोटोची बदनामी

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून तो वेगळा काढला. ग्लुटामेट हा घटक टोमॅटोत असतो, जुन्या चीजमध्ये असतो, आईच्या दुधातही असतो.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, छातीत धडधडते, असा त्यांचा अनुभव होता. त्यामागे सोया सॉस, वाइन, मीठ किंवा हा पदार्थ असू शकेल, अशा शंका त्यांनी मांडल्या. लोकांच्या लक्षात राहिला तो एकटा अजिनोमोटो. पुढे रुग्णाला काय दिले आहे ते कळू न देता चाचण्या झाल्या, तेव्हा जेवणात असतो तेवढ्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसून आला नाही. रिकाम्या पोटी मोठा डोस दिल्यावर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी किंवा अंग गरम झाल्यासारखे वाटले, इतकेच. आपल्याकडचा नियम असा की एक वर्षाच्या आतील बाळांच्या आहारात तो नसावा, आणि पाकिटातल्या पदार्थात घातला असेल तर तसे छापावे. ज्याला तो सोसत नाही त्याने टाळावा. पण ‘अजिनोमोटो नाही’ म्हणजे ताट निर्धोक, हा हिशेब चुकीचा आहे.

खरा हिशेब मिठाचा

प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचाभर मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण घरीच त्याच्या दीडपट ते दुप्पट खातो. आता सोया सॉसकडे पाहू. त्याच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. मिठाच्या भाषेत सव्वादोन ग्रॅम. असे दोन चमचे एका माणसाच्या पोटात गेले, की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. वर पिठात घातलेले मीठ वेगळे, शेजवान चटणीतले वेगळे, आणि सूपमध्ये टेबलावरच्या बाटलीतून ओतलेला सॉस आणखी वेगळा.

हे मीठ जिभेला कळत नाही, कारण साखर, व्हिनेगर आणि तिखट यांच्या आड ते लपते. म्हणून घराघरात एक विचित्र चित्र दिसते. रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस लोणचे आणि पापड कटाक्षाने सोडतो, वरणात मीठ कमी घालायला सांगतो आणि शनिवारी नातवंडांबरोबर मंचूरियनचा रस्सा वाटीभर पितो. तो खारट लागत नाही, म्हणून त्यात मीठ असेल असे त्याच्या मनातही येत नाही.

जास्तीचे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, आणि हृदय व मूत्रपिंडांना जास्त काम करावे लागते. एका संध्याकाळी निरोगी माणसाला काही होत नाही. पण आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे हेच चालले, तर तिशी-पस्तिशीतच रक्तदाब वाढू लागतो. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. अनेकांना तो कळतो तेव्हा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असतो किंवा मूत्रपिंडे निम्मी निकामी झालेली असतात. ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे, त्यांना तर एका खारट जेवणानेही धाप लागून रात्रीत दवाखाना गाठावा लागू शकतो.

गंमत अशी की अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के असते आणि मिठात सुमारे ३९ टक्के. ज्याला आपण घाबरतो त्यापेक्षा ज्याचा विचारही करत नाही ते मीठ तिपटीने भारी आहे.

लाल रंग आला कुठून?

मंचूरियनचा भडक लाल रंग मिरचीचा नसतो. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून घरच्या रश्श्यावर लाल तर्री येते. कृत्रिम खाद्यरंग बहुधा पाण्यात विरघळतात. मंचूरियनचा गोळा चमचाभर पाण्यात टाकला आणि पाणी लगेच लाल-केशरी झाले, तर रंग बाटलीतला आहे असे समजावे.

कर्नाटक सरकारने गोबी मंचूरियनचे १७१ नमुने तपासले, तेव्हा १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग आढळले. मार्च २०२४ मध्ये त्या राज्याने या पदार्थात असे रंग वापरण्यावर बंदी घातली. त्याआधी काही आठवडे गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचूरियनच्या विक्रीवरच बंदी आणली होती. कर्नाटकची हद्द उमरग्याहून फार दूर नाही, आणि रंगाच्या डब्या दोन्हीकडे सारख्याच मिळतात.

या रंगांत दोन प्रकार आहेत. ऱ्होडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगवण्याचा रंग आहे. अन्नात त्याला मुळीच परवानगी नाही. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन यांना भारतात ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. पण कढईजवळ उभा असलेला माणूस ती मर्यादा चिमटीने मोजतो. काही लोकांना टारट्राझिनने अंगावर पित्त उठते, दमा बळावतो. काही मुलांच्या चंचलपणावर अशा रंगांचा परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपात २०१० पासून पाकिटावर तशी सूचना छापावी लागते.

सकाळचा भात, संध्याकाळचा राईस

फ्राईड राईस मोकळा व्हावा म्हणून भात आधी शिजवून गार केला जातो. पद्धत चुकीची नाही, पण गार झालेला भात कुठे ठेवला, यावर सगळे अवलंबून असते. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवूनही ते मरत नाहीत. भात मराठवाड्याच्या उकाड्यात पातेल्यात तसाच राहिला, की ते वाढतात आणि त्यांतल्या काही जाती विष तयार करतात. हे विष इतके चिवट असते की कढईतल्या मोठ्या आचेवरही नष्ट होत नाही. म्हणजे ताटात वाफाळता आलेला राईससुद्धा बाधू शकतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राईड राईसमुळे विषबाधा झाल्या, तेव्हा हा प्रकार डॉक्टरांच्या नीट लक्षात आला.

जेवल्यानंतर एक ते सहा तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते. तोवर ओआरएस घोट घोट पाजत राहावे. लहान मूल सुस्त पडले, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा पोटात पाणीही ठरेना, तर वाट पाहू नये, दवाखान्यात न्यावे.

तेलाचीही अशीच गोष्ट. एकाच कढईत दिवसभर गोळे तळले जातात. तेल काळे होते, दाट होते, फेसाळते. त्यात तयार होणाऱ्या अपायकारक घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले, की ते तेल पुन्हा वापरू नये, असा नियम २०१८ पासून लागू आहे. ते मोजायला यंत्र लागते, पण काळे तेल डोळ्यांनी दिसते आणि त्याचा खवट वास नाकाला कळतो.

मांचूंचे खरे ताट

खऱ्या मांचुरियात लोक काय खात होते, हे धाराशिवच्या माणसाने जरूर जाणून घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या प्रदेशाची दोन मोठी पिके होती ज्वारी आणि सोयाबीन. तिथल्या ज्वारीला काओलियांग म्हणतात. गावाकडचे लोक तिचे दाणे शिजवून खात, साधारण आपल्या कण्यांसारखे. जोडीला थंडीसाठी आंबवून ठेवलेला कोबी आणि सोयाबीनचे पदार्थ. चीनच्या इतर अल्पसंख्य समाजांकडेही अशा ओळखीच्या चवी सापडतात. तिबेटी लोकांचा त्साम्पा हे भाजलेल्या जवाचे पीठ, आपल्या सातूच्या पिठाच्या अगदी जवळचे. उइगुर लोकांच्या घरी नान असतो, समसा असतो आणि पुलावासारखा पोलो असतो.

धाराशिवच्या शिवारात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी. म्हणजे मांचूंच्या ताटातली दोन्ही धान्ये इथे बांधावर उभी आहेत आणि हॉटेलात मांचूंच्या नावाने मैदा वाढला जातो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनपेक्षाही कमी. तंतू कमी, की पोट लवकर रिकामे होते आणि रक्तातली साखर भराभर चढते. रस्सेदार नूडल्सच हव्या असतील, तर लसणाच्या फोडणीच्या पाण्यात उकळलेले हुलग्याचे शेंगोळे आपल्याकडे आहेतच.

ऑर्डर देताना

चायनीज बंद करा, असे सांगून कुणी ऐकत नाही आणि तशी गरजही नाही. महिन्यातून एक-दोनदा, सगळ्यांनी मिळून, वाटून खावे. ऑर्डर देताना “रंग घालू नका, सोया सॉस निम्मा घाला” असे स्पष्ट सांगावे. सांगणारी गिऱ्हाईके वाढली, की हॉटेलवालाही बदलतो. ग्रेव्हीपेक्षा ड्राय मागवावे. ग्रेव्ही मागवलीच तर गोळे खावेत, रस्सा पिऊ नये. भात केव्हा शिजवला, हे संकोच न करता विचारावे. पार्सलचा राईस घरी आणल्यावर लगेच खावा, उरला तर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, रात्रभर ओट्यावर राहिलेला टाकून द्यावा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी सॉसच्या बाटलीला हात लावू नये.

घरी करायचे ठरवले तर मंचूरियनचे गोळे कोबी, गाजर आणि ज्वारीच्या पिठाचे चांगले होतात. बांधायला थोडे कॉर्नफ्लॉवर घालावे, आप्पेपात्रात थोड्या तेलावर भाजावेत. आले-लसूण सढळ हाताने, सोया सॉस छोटा चमचाभर, आणि वेगळे मीठ अजिबात नाही. मुले पहिल्या दिवशी नाक मुरडतील. दोन-तीन आठवड्यांत कमी मिठाची सवय होऊ लागते, तेवढा धीर मात्र घरातल्या मोठ्यांनी धरायला हवा.