एक रचनाकार, अनेक कंठ : ‘एरिऑन’च्या संगीतकथा

कवी एकटा लिहितो, चित्रकार एकटा रंगवितो, यात कोणास नवल वाटत नाही. वृंदसंगीताची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यातही पाश्चात्त्य रॉक संगीत हे मुळातच चौघापाचांच्या मेळातून जन्मास आलेले. गिटार, बास गिटार, ड्रम आणि गायक यांच्यातील झगडा व समझोता हाच त्याचा प्राण मानला गेला. अशा संगीतप्रकारात एकाच व्यक्तीने संपूर्ण रचना करावी, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवावीत आणि अखेरीस त्या कृतीस एखाद्या वृंदासारखे नाव द्यावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याजोगी आहे. नेदरलँड्समधील आर्येन अँथनी लुकासेन यांचा ‘एरिऑन’ हा प्रकल्प या विसंगतीतूनच उभा राहिला आहे. १९९५ पासून या नावाने प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका पाहिल्या, की एकट्याच्या निर्मितीचे सामर्थ्य कशात असते आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, या प्रश्नाचा विचार करण्यास चांगले साधन हाती येते.

एकट्याने वृंदसंगीत निर्माण करणे शक्य झाले ते बहुपट ध्वनिमुद्रणामुळे. एकाच फितीवर अनेक समांतर पट्टे योजून प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी मुद्रित करावयाचे आणि शेवटी सर्वांचे मिश्रण करावयाचे, ही पद्धती साठोत्तर काळात विकसित झाली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या माइक ओल्डफील्ड यांच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेने या पद्धतीची शक्यता लोकांपुढे ठळकपणे आणली. एका तरुण वादकाने बहुसंख्य वाद्ये स्वतःच वाजवून, थरावर थर रचून, सलग दीर्घ रचना सिद्ध केली होती. वादनाइतकीच वास्तुरचनेची दृष्टी असलेला एक नवा रचनाकार या तंत्राने घडविला. पुढे संगणक आल्यावर फितीची आवश्यकताही उरली नाही आणि घरातील एक खोली हीच ध्वनिमुद्रणशाळा होऊ शकली.

दुसरी पार्श्वभूमी संगीतप्रकाराची आहे. साठ-सत्तरच्या संधिकाळात इंग्लंडमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाची धारा रूढ झाली. तीन मिनिटांच्या गीताची चौकट मोडून दीर्घ, अनेक खंडांच्या रचना करणे, ताल आणि लय मध्येच पालटणे, पाश्चात्त्य अभिजात संगीताचे संस्कार स्वीकारणे आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिका एका कल्पनेभोवती गुंफणे, ही तिची लक्षणे. त्याच सुमारास, १९७० मध्ये, बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ने विद्युत्‌ गिटारचा मुद्दाम कर्कश केलेला भारदस्त नाद लोकांपुढे ठेवला आणि त्यातून ‘हेवी मेटल’ वाढले. ऐंशीच्या दशकात या दोन धारा एकत्र आल्या. ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हणतात ते हेच : एकीचा आवाका आणि दुसरीचा आघात. यांखेरीज ‘द हू’ या वृंदाच्या ‘टॉमी’पासून (१९६९) चालत आलेली रॉक ऑपेराची परंपरा होती, तीत गायक स्वतःचे मनोगत न गाता पात्रांच्या भूमिका गात. एरिऑन हा या सर्व प्रवाहांच्या संगमावरचा प्रकल्प आहे.

लुकासेन यांचा जन्म १९६० साली हिल्व्हर्सम येथे झाला. ऐंशीच्या दशकात ते ‘बोडीन’ आणि ‘व्हेंजन्स’ या डच वृंदांत गिटार वाजवीत असत. वृंदात राहावयाचे तर रुची, दौरे आणि निर्णय सर्वांच्या संमतीने ठरावयाचे. ते बंधन मागे टाकून त्यांनी आपल्या मनातील संगीतकथा स्वतःच रचण्याचे ठरविले. १९९५ ची ‘द फायनल एक्सपेरिमेंट’ ही तिचे पहिले फळ. तिची कथा अशी : २०८४ साली पृथ्वीवर अंतिम महायुद्ध पेटले आहे. शास्त्रज्ञ काळाच्या पलीकडे, भूतकाळात, इशाऱ्याचे संदेश पाठवितात. ते संदेश सहाव्या शतकातील ब्रिटनमध्ये एका जन्मांध भाटाच्या मनात दृश्ये होऊन उमटतात. त्याचे नाव एरिऑन. गावकरी त्याला हाकलून देतात. आर्थर राजाच्या दरबारात आल्यावर मर्लिन हा मांत्रिक त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. ज्याला भविष्य दिसते त्याला डोळे नाहीत, आणि ज्यांना डोळे आहेत त्यांना ते पाहावयाचे नाही, असा हा पेच आहे. पुढे या भाटाचेच नाव संपूर्ण प्रकल्पास मिळाले.

या पहिल्या कृतीतच एक महत्त्वाचा निर्णय दिसतो. वाद्यांचा मोठा भाग लुकासेन स्वतः सांभाळतात, परंतु गायन मात्र अनेकांकडे सोपवितात. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत, म्हणजे १९९६ च्या ‘अॅक्च्युअल फँटसी’त, हा विस्तार आवरला गेला. गायक तीनच राहिले, सलग कथेच्या जागी सुट्या कल्पनाकथा आल्या आणि ड्रमचे ठेके यंत्रावर रचले गेले. या कृतीस पहिलीइतका प्रतिसाद मिळाला नाही. २००४ मध्ये लुकासेन यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा त्या यंत्रनिर्मित ठेक्यांच्या जागी एड वॉर्बी या वादकाचे प्रत्यक्ष वादन योजले, ही गोष्ट सूचक आहे. यंत्राच्या साहाय्याने एकट्याने सर्व काही करता येते. पण करता येते म्हणून ते करावेच असे नाही, हा धडा रचनाकाराने घेतलेला दिसतो.

१९९८ ची ‘इन्टू द इलेक्ट्रिक कॅसल’ ही दोन तबकड्यांची कृती या धड्यानंतरची आहे. वेगवेगळ्या युगांतून उचलून आणलेली आठ माणसे काळ आणि अवकाश यांपलीकडील एका प्रदेशात एकत्र येतात. रोमन योद्धा, मध्ययुगीन सरदार, इजिप्तची स्त्री, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील लढवय्या, साठच्या दशकातील हिप्पी, भविष्यकाळातील मनुष्य अशी ही मंडळी. एक अदृश्य आवाज त्यांना विद्युत्‌-दुर्गाकडे जाण्यास सांगतो. वाटेत काहींचा अंत होतो. येथे प्रत्येक पात्रास स्वतंत्र गायक आहे, आणि त्या गायकाचा कंठधर्म हेच पात्राचे व्यक्तिचित्र होते. स्कॉटिश लढवय्याचे पद फिश या स्कॉटिश गायकाकडे; इजिप्तच्या स्त्रीचे पद आनेके फान गिर्सबर्गेन यांच्या पारदर्शक आवाजात; आणि हिप्पीची भूमिका मात्र स्वतः रचनाकाराकडे. आपल्या विश्वात लुकासेन यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा ही एवढीशीच. टायस फान लीर यांच्या बासरीसारखी वाद्येही बाहेरून आली. ध्वनिमुद्रिकेचा विस्तार वाढला तो एकट्याच्या अहंकारामुळे नव्हे, तर इतरांना दिलेल्या जागेमुळे, हे येथे स्पष्ट होते.

या पद्धतीची परिणती २००४ च्या ‘द ह्यूमन इक्वेशन’मध्ये झाली. भर दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, दुसरे वाहन नसताना एका माणसाच्या मोटारीस अपघात होतो. तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पडून आहे. उशाशी पत्नी आणि जिवलग मित्र आहेत. वीस दिवस, वीस गीते. प्रत्येक गीत म्हणजे एक दिवस. बाहेर काहीच घडत नाही. जे घडते ते त्याच्या मनात, आणि तेथे त्याचे मनोविकारच पात्रे होऊन उभे ठाकतात : विवेक, भय, प्रेम, क्रोध, अभिमान, वेदना, उत्कटता. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही विवेक आणि महामोह हे राजे होऊन परस्परांशी लढतात. परंतु त्या नाटकाचे लक्ष्य तत्त्वबोध आहे. येथे लक्ष्य आहे क्षमा. पित्याच्या क्रौर्याने करपलेला हा माणूस स्वतःही मित्राशी विश्वासघाताने वागलेला आहे, हे हळूहळू उलगडते आणि दोन्ही बाजूंनी कबुली दिली गेल्यावरच त्याला जाग येते.

मेटल संगीताच्या गायनपद्धतीवर ती केवळ आरडाओरड असल्याचा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला या कृतीने चांगले उत्तर दिले आहे. क्रोधाची भूमिका डेव्हिन टाउनझेंड यांच्याकडे आहे. त्यांचा फाटत जाणारा चीत्कार तेथे अलंकार म्हणून येत नाही, तो क्रोधाची भाषाच असतो. भयाची भूमिका करणारे मिकाएल ओकरफेल्ड घशातून काढलेल्या घोगऱ्या गर्जनेचा आणि मृदू स्वराचाही उपयोग करतात. भय कधी दरडावते, तर कधी गोंजारून थांबविते, हा अनुभव त्यातून साकार होतो. नायकाच्या भूमिकेत ‘ड्रीम थिएटर’चे जेम्स लाब्री आहेत; पत्नीची भूमिका मार्सेला बोव्हिओ या तोवर फारशा परिचित नसलेल्या मेक्सिकन गायिकेस मिळाली; आणि मित्राची भूमिका लुकासेन यांची. व्हायोलिन, चेलो आणि बासरी यांचे लोकसंगीताकडे झुकणारे स्वर जड गिटारच्या शेजारी ठेवून मनाच्या दोन अवस्था एकाच गीतात समोरासमोर आणल्या आहेत.

आता या निर्मितीतील अंतर्विरोधाकडे वळावे. या नाट्यात पती-पत्नी बोलतात, भांडतात, एकमेकांना क्षमा करतात; परंतु अशा प्रकल्पात ते गाणारे कलावंत त्या क्षणी समोरासमोर असावे लागत नाहीत. कोणी रचनाकाराच्या ध्वनिमुद्रणशाळेत येऊन आपला भाग गातो, कोणी दूरदेशाहून मुद्रण पाठवितो. संवाद घडतो तो केवळ रचनाकाराच्या मेजावर, जोडकामातून. ज्या संवादाला श्रोता दाद देतो तो प्रत्यक्षात कधी झालेलाच नसतो.

लुकासेन यांच्या कथाविश्वाचा गाभाही हाच प्रश्न आहे, असे म्हणता येईल. बहुतेक ध्वनिमुद्रिका ‘फॉरेव्हर’ नावाच्या एका परग्रहवासी वंशाच्या सूत्राने जोडलेल्या आहेत. २००८ च्या ‘०१०११००१’मध्ये त्या वंशाचा इतिहास येतो. हे शीर्षक म्हणजे संगणकाच्या द्विमान लिपीतील ‘वाय’ हे रोमन अक्षर. तेच त्यांच्या ग्रहाचे नाव. यंत्रांच्या आधाराने या वंशाने मरण टाळले, पण त्यात त्यांची भावना हरपली. ती पुन्हा अनुभवता यावी म्हणून ते धूमकेतूतून आपले जीवनबीज पृथ्वीवर पाठवितात आणि त्यातून मानवजात घडते. मात्र मानवही त्याच वाटेने, यंत्रावर विसंबून, २०८४ च्या विनाशाकडे जातो. ‘द ह्यूमन इक्वेशन’च्या अखेरीसही, जे ऐकले ते एका स्वप्नयंत्रातील प्रयोग होते आणि त्यातून ‘फॉरेव्हर’ला भावनांची आठवण झाली, असा उलगडा होतो. सर्व साधने हाताशी असलेला आणि म्हणूनच एकाकी झालेला निर्माता, आपल्याला न लाभणारा भाव इतरांच्या मुखाने ऐकू पाहतो : या रूपकात एकट्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलावंताचे प्रतिबिंब पाहणे अनाठायी ठरू नये.

या कृतींत दोष नाहीत असे नाही. कथानकाचा भार पुष्कळदा गीतांना सोसवत नाही. पात्रे आपली ओळख स्वतःच सांगत बसतात, आणि काव्य निवेदनाच्या पातळीवर उतरते. विद्युत्‌-दुर्गातील आठ प्रवासी हे व्यक्ती कमी आणि नमुने अधिक आहेत. २०१३ च्या ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’मध्ये चार दीर्घ रचना बेचाळीस खंडांत विभागल्या आहेत. कीथ एमर्सन, रिक वेकमन आणि स्टीव्ह हॅकेट यांच्यासारखे सत्तरच्या दशकातील नामवंत तीत सहभागी असूनही सूत्र ध्यानात ठेवण्यासाठी श्रोत्यास छापील संहिता हाती घ्यावी लागते. जेथे संगीत स्वतःच पात्र घडविते तेथे या कृती उंची गाठतात. जेथे कथा संगीतास ओढीत नेते तेथे त्या थकतात.

या वाटचालीतील सर्वांत अर्थपूर्ण टप्पा बराच उशिरा आला. दौऱ्यांपासून दूर राहणाऱ्या लुकासेन यांची ही विश्वे अनेक वर्षे केवळ तबकडीवरच होती. सप्टेंबर २०१५ मध्ये रॉटरडॅम येथे ‘द ह्यूमन इक्वेशन’ नाट्यरूपाने रंगमंचावर आले. लाब्री आणि बोव्हिओ आपापल्या भूमिकांत एकमेकांसमोर उभे राहिले. मित्राची भूमिका दुसऱ्या गायकाने केली. पित्याची भूमिका मूळ ध्वनिमुद्रणात गाणारे माइक बेकर २००८ मध्येच निवर्तले होते; त्या जागी नवा कंठ आला. त्यानंतर २०१७ साली टिलबर्ग येथे एरिऑनच्या निवडक गीतांचे प्रयोग झाले, २०१९ मध्ये तेथेच ‘इन्टू द इलेक्ट्रिक कॅसल’ आणि २०२३ मध्ये ‘०१०११००१’ सादर झाले. जोडकामातून सिद्ध झालेला संवाद माणसांच्या समक्ष घडू लागला. आणि तो घडत असताना त्यात श्वास चुकणे, स्वर चढणे, एकाने दुसऱ्यासाठी क्षणभर थांबणे या मेजावर न घडणाऱ्या गोष्टींना प्रथमच जागा मिळाली.

एकट्याच्या निर्मितीविषयी दोन टोकाची मते आढळतात. एका मते ती कलावंताच्या स्वातंत्र्याची परिसीमा होय. दुसऱ्या मते ती संगीताच्या सामूहिक स्वभावाशी प्रतारणा आहे. एरिऑनचा अनुभव या दोहोंपेक्षा वेगळे काही सांगतो. घाट एकाचा असू शकतो, किंबहुना एवढ्या विस्ताराच्या कृतीस एकच डोळा सर्वत्र फिरलेला असणे उपकारक ठरते. परंतु त्या घाटात जीव येतो तो परक्या कंठातून. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील अंध भाटाजवळ सत्य होते. त्याला उणीव होती ती ऐकून घेणाऱ्यांची आणि त्याचे बोल पुढे नेणाऱ्यांची. त्याच्या नावाने चाललेल्या या प्रकल्पाने ती उणीव भरून काढण्यासच आपल्या कलेचा मोठा भाग वाहिला आहे.