सिकलसेलचे लेकरू अंगाने का भरत नाही?

विदर्भातील आपल्या समाजाला सिकलसेल नवा नाही. तरीही अशा घरातले मूल वाळलेले दिसले की बोट प्रथम आईकडेच जाते. ‘पोराच्या खाण्याकडे हिचे लक्षच नाही,’ असे सासू म्हणते, शेजारीणही म्हणते. हे साफ चूक आहे.

मी पडलो कारकून, म्हणून हिशेबाने सांगतो. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची १० ते २० दिवसांतच फुटते. शरीराला रात्रंदिवस नवे रक्त तयार करावे लागते, हृदयालाही जास्त राबावे लागते. वाढीच्या वाट्याचे अन्न तिकडे खर्ची पडते. त्यात दुखणे उठले की पोर चार दिवस ताटाला हात लावत नाही. म्हणून भावंडांइतके जेवूनही ते मागे राहते. वयात येणेही वर्ष-दोन वर्षे लांबते. (हे सारे ‘एसएस’ रुग्णाचे. ‘एएस’ वाहक मूल इतरांसारखेच वाढते.)

तेव्हा या मुलाला भावंडांपेक्षा जास्त वाढा. महागडे टॉनिक नको. भाकरीसोबत घट्ट वरण, उसळ, शेंगदाणे, वर तेलाची धार, जमेल तेव्हा अंडे, मासोळी. एका बैठकीत जात नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्या. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका. नवे रक्त बनवताना ते भराभर संपते.

लोहाच्या गोळीचे मात्र वेगळे आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असा आपला समज. येथे पेशी फुटली तरी तिच्यातले लोह बरेचसे शरीरातच राहते. वरचेवर रक्त चढवलेल्या मुलात ते साठून यकृताला, हृदयाला अपाय करते. तपासणीत लोह कमी निघाले तरच गोळी द्यावी. शाळेत गोळ्या वाटतात, तेव्हा गुरुजींना आजार आधीच सांगून ठेवा.

आणि पाणी! या मुलांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. मोठे मूलही अंथरूण ओले करते. त्याला मारू नका, पाणी तोडू नका. पाणी कमी पडले की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना सुरू होतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात तर बाटली सोबत हवीच. वर्गातून लघवीला जाण्याची मुभाही मागून घ्या.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ मारा, वहीत तारीख व वजन लिहा. सहा महिन्यांत रेघ हलली नाही तर वही घेऊन सरकारी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आपल्या मुलाला चालेल का, तेही तेथेच विचारा.